अठरा मिलिमीटर

लॅबमधला फ्रिज उघडला
की बरणीतले दात एकमेकांवर वाजतात.
सत्तावीस नंबरचा भास्कर तांडेल यांचा,
दिवाळे कोळीवाडा. डावी उपदाढ, एका मुळाची.
सही करताना म्हणाले होते,
"घ्या. माझ्या तोंडात तरी काय कामाचा होता."

मी त्याचं डोकं उतरवलं,
मुळाची नळी फाइलनं घासली, धुतली, कोरडी केली,
आणि मग मुद्दाम, स्वतःच्या हातानं
तिच्यात जंतू सोडले.
एकवीस दिवस सदतीस अंशांची ऊब दिली,
बाळंतिणीची खोली जपावी तशी.

दाताच्या भिंतीत नळ्या असतात, केसाहून बारीक, हजारो.
तिथं ते जाऊन बसतात.
उपाशी राहतात, पण घर सोडत नाहीत.

काचेवर झिंक ऑक्साइडची पूड, लवंगेचं तेल,
आणि शंभरात दहा भाग अमॉक्सिसिलीन,
स्टोअरच्या पेडणेकरांपुढे दातांच्या कण्या करून मिळवलेलं.
घोटत राहिले. दुपारी डबा उघडला
तर वरणालाही लवंगेचाच वास.

दुसऱ्या दिवशी प्लेटमध्ये
दुधाळ जंतूंच्या मधोमध एक स्वच्छ गोल,
पंगत उठल्यावर
रांगोळीत पाटाची जागा उरते तसा.
कॅलिपर लावला. अठरा मिलिमीटर.
नुसत्या सीलरभोवती जेमतेम सात.

धावतच गेले. शिरोडकर मॅडमनी
चष्मासुद्धा वर केला नाही.
"सातव्या दिवशी किती?"

सातव्या दिवशी अकरा.
महिन्यानं सात, म्हणजे बिनऔषधाइतकंच.
शिवाय एव्हाना दगड व्हायला हवा होता तो सीलर
नखाचा ठसा अजून घेत होता.
आणि त्या पहिल्या गोलाच्या आत,
जिथं कुणीच उरायला नको होतं,
दोन ठिपके.
मोहरीहून लहान.
ते मी पुसले नाहीत. नव्या प्लेटवर घेतले,
तारीख घातली.

तांडेल परवा पुन्हा आले, उजवी दाढ धरून.
खुर्चीत टेकायच्या आत विचारलं,
"माझा दात काय म्हणतो?"
आजवर कुठल्याच बरणीची
कुणी विचारपूस केली नव्हती.
मी म्हटलं, आधी अठरा होतं, आता उतरलं.

ते हसले, सुजलेल्या गालानं जमलं तेवढं.
"उतरणारच. आमच्याकडं सिडकोनं तलावाला झडप बसवली,
पाणी अडलं. गाळ अडला का?
उतरतं किती वेळानं, ते बघा पोरी."

शिरोडकर मॅडमही हेच म्हणाल्या होत्या,
इंग्रजीत, तीन पानांत.

भूल चढेपर्यंत ते खिडकीतून
पाम बीचच्या बाजूला बघत होते.
त्यांच्या दाढेत मी जुनंच सीलर भरलं, बिनऔषधाचं.
नळी मात्र
दुप्पट वेळ धुतली.