खरवड

निवतीच्या बंदरावर उघडीप पडलीय.
वर ओढून घेतलेली होडी कुशीवर,
बाबल तांडेल पत्र्याच्या तुकड्यानं तळ खरवडतोय.
कालवं, शेवाळ, चुन्यासारखी कसलीशी पूड.
"फळी एकव कुजाक नाय," म्हणतो,
"नुसता वजन वाढला."

माझ्या पिशवीत आईचा रिपोर्ट,
तपासायला पाठवलेल्या गाठीचा.
चौथ्या पानावर बोट ठेवून
डॉक्टर आंब्रे म्हणाल्या होत्या,
जनुकात चूक नाही.
अक्षर एकही बदललेलं नाही.
त्याच्या दारात मिथिल बसलंय, बस.

एक कार्बन, तीन हायड्रोजन.
एवढ्यानं
चुका दुरुस्त करणारं ते जनुक
गप्प झालं,
आणि पेशी दुभंगताना
ते गप्प राहणंही उतरवून घेत गेली,
जुनं पान बघून नवं पान.

कुणी बसवलं ते?
"वयानं. पुष्कळदा नुसत्या वयानं."
मग माझा चेहरा बघून म्हणाल्या,
मिथिल काही शत्रू नव्हे हो.
ते नसतं तर डोळ्याला कळलं नसतं
की आपण यकृत व्हायचं नाही.
शरीर बरंचसं
गप्प बसवण्यावरच उभं आहे.

आईही अकरा महिने गप्प होती.
रक्त जातंय, हे कुणाला सांगितलं नाही.
मुळव्याध असेल, म्हणाली नंतर,
आणि तेव्हा मिरगाची गडबड होती.

शेवटी डॉक्टरांनी कागद मिटला.
हे तुमच्याकडे आलेलं नसणार.
गर्भ धरतो तेव्हा
अशा खुणा बहुतेक पुसल्या जातात.
काही राहतात, आईची कुठली, बापाची कुठली,
ते शरीर लक्षात ठेवतं. पण ही त्यातली नव्हे.

मला हायसं वाटलं.
एस्टीत परुळ्यापर्यंत
त्या हायसं वाटण्याला
कुठे ठेवू, कळेना.

आई खळ्यात सुक्या बांगड्यांना
ऊन दाखवत होती.
मी जमेल तसं सांगितलं. मिथिल म्हटलंच नाही.
तिनं एवढंच विचारलं,
"मगे पोरांक नाय मा?"
"नाय."
"बरा झाला."
आणि एकेक बांगडा उलटा करत राहिली.

आता बाबल मला हाक मारतोय, दोरी धर म्हणून.
तळ साफ झालाय.
कालव होतं तिथं लाकडावर
गोल पांढरं वळं उरलंय.
मी नखानं खरवडून बघते.
वरून आईचा आवाज येतो,
"डामर हाडलंस काय गो?"