एकेचाळिसावी फेरी

दर तासाला घंटा.
सहा किलोमीटर सातशे मीटर, तासाच्या आत परत,
आणि पुन्हा घंटा.
नियम एवढाच. शेवटचा एक उरेपर्यंत.

शनिवारी दुपारी बाराला सदतीस जण निघाले
वोरूजवळच्या आर्वीच्या गोठ्यामागून,
राईच्या शेताच्या बांधाने, दलदलीवरच्या फळ्यांवरून,
स्प्रूसच्या रांगेला वळसा घालून.
घंटा बंद पडलेल्या शाळेची.
आर्वी त्याच शाळेत शिकला, दोनदा नापास झाला.
अजूनही जरा सूड घेतल्यासारखीच वाजवतो.

मी लीविकाची थोरली बहीण.
माझं काम: खुर्ची, ब्लूबेरीचं सूप, कोरडे मोजे,
मिठातली काकडी,
आणि मेणबत्तीवर धरलेली सुई.
मी फोड फोडते तेव्हा ती डासांकडे बघत राहते.
बोलायचं नाही असं ठरलंय.
फक्त मिनिटं सांगायची. सात. पाच.
तीन शिट्ट्या. दोन. एक.
ऊठ.

आमच्याकडे जूनमध्ये रात्र अशी होतच नाही,
दुधात पाणी घालावं तसा उजेड पातळ होतो, इतकंच.

रविवार सकाळपर्यंत निम्मे गळले.
कुणाचा गुडघा गेला, कुणाचं पोट.
तार्तूचा एक दंतवैद्य सॉनाच्या पायरीवर बसला
आणि बायकोशी फोनवर बोलता बोलता झोपला.
घंटा झाली. त्याला कुणी उठवलं नाही.
फोनमधून ती बराच वेळ काहीतरी सांगत होती.

चौतिसाव्या फेरीपासून दोघंच.
लीविका, आणि दुधाचा टँकर चालवणारा हेल्दुर,
वय त्रेपन्न, डाव्या बुटाला चिकटपट्टी.
परवापर्यंत ओळखसुद्धा नव्हती.
आता त्याच्या खोकल्यावरून तिला चढ कळतो,
तिच्या टाचेवर नजर ठेवून तो चालता चालता झोप काढतो.
शेवटच्या फळ्या तंबूतून दिसतात.
अडीचच्या सुमारास तिथे तिचा पाय घसरला.
तो थांबला.
हात दिला नाही. थांबला.

लोकांना वाटतं, इथे एक जण दुसऱ्याला हरवतो.
मलाही वाटायचं.
पण दुसरा जिथे बसतो
तिथून पुढे फक्त एक फेरी.
त्यानंतर पहिल्याला वाट नाही;
धावलाच तर ते मोजत नाहीत.
म्हणजे हेल्दुरचा पल्ला
हेल्दुरच्या पायात नाहीच,
तो माझ्या बहिणीच्या पायात आहे.

चाळिसावी संपली. चार वाजायला नऊ मिनिटं.
तिने सूप हातात धरलं, प्यायली नाही.
म्हणाली, "आईनं धुराड्याची झडप लावली का गं?"
आईला जाऊन सहा वर्षं झाली.
लावली, मी म्हणाले.
तीन शिट्ट्या.
तिने बुटाची नाडी उचलली
आणि नाडीचं काय करतात ते तिला आठवेना.
दोन.
हेल्दुर रेषेवर उभा, पाठमोरा,
मान किंचित आमच्याकडे,
गाडी चालू ठेवून कुणाची तरी वाट बघावी तसा.
एक.
मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.
उठवायला ठेवला की बसवायला,
मला अजून सांगता येत नाही.

घंटा.

आधीच्या दहा फेऱ्यांना त्याला चोपन्न मिनिटं लागत होती.
ही त्याने अठ्ठेचाळिसात आणली.
टाळ्या वाजवायला सहा-सात माणसं, एक कुत्रा.
आर्वीने राईचा गोल पाव दिला, बक्षीस तेच.
तो घेऊन हेल्दुर आमच्या खुर्चीपाशी आला.
लीविका झोपली होती, तोंड उघडं टाकून.
तो म्हणाला, तिला की मला कोण जाणे,
"अजून होतं माझ्यात."
राग नव्हता त्यात.
टाकीत दूध आहे आणि डेअरीचं फाटक बंद झालंय,
तसं काहीतरी.

किती होतं?
ते आता त्यालाही कळायचं नाही.
पाव मोडून अर्धा त्याने तिच्या मांडीवर ठेवला
आणि खाली गवतात बसून
नखाने चिकटपट्टीचं टोक शोधायला लागला.

पाचला घंटा झाली नाही.
झोपेतच लीविकाचा पाय हलला.