निळ्या काठाची ताटं

अकरा ताटं निळ्या काठाची, बाकीची पांढरी.
मी या शाळेत आले त्याआधीपासून असंच.
कागदावर कुठे नव्हतं.
आधीच्या स्वयंपाकीणबाईनं किल्ल्या देताना
फडताळाच्या खालच्या खणाकडे नुसती हनुवटी हलवली:
"ओढ्यापलीकडच्यांची."

मी वाईट बाई नाही.
खसखशीच्या शेवया दोन्हीकडे सारख्याच वाढल्या,
डाव तोच, पातेलं तेच, साखर तेवढीच.
फक्त पंगत वेगळी. आणि स्पंज वेगळा.
तो स्पंज मी स्वतःच्या पैशानं आणायचे.

एर्विन आठ वर्षांचा.
काट्यानं ताटाच्या बुडाशी काहीतरी कोरत बसायचा.
एकदा मी त्याच्या बोटांवर पळी मारली. हलकीच.
हलकीच, असं मी अलीकडे फार वेळा म्हणते.

पाणी हवं असलं की तो म्हणायचा, "पानि."
"वोदा म्हण, स्लोव्हाकमध्ये बोल, मग देईन."
तो हसून वोदा म्हणायचा, पेला रिकामा करायचा
आणि तोंड पुसत पुन्हा, "पानि."
वीस वर्षं मला तो शब्द कळतो.
माझ्या तोंडून एकदाही निघालेला नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी रात्री ओढ्यापलीकडे उजेड झाला.
आमच्या आळीत एकेका खिडकीत दिवा लागला,
मग एकेक विझला.
माझाही.

सकाळी पावाच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, शेगडी असेल.
सगळ्यांना हायसं वाटलं.
दुपारपर्यंत त्या शेगडीचा रंगसुद्धा लोकांना माहीत होता.

संध्याकाळी बहिणीचा रादो जाकीट घेऊन आला.
"मावशी, ग्रीस लागलंय, धुऊन देशील?"
ग्रीसला तसा वास नसतो.
मी दोनदा धुतलं, दुसऱ्यांदा सोडा घालून.
रात्रभर दोरीवर ते गोठून राहिलं, हात पसरून,
आत कुणी असल्यासारखं.

पोलिसानं विचारलं, काही ऐकलंत?
म्हटलं, माझी झोप गाढ आहे.
त्यानं ते वहीत लिहून घेतलं
आणि आठवलं काही तर, म्हणून एका चिठ्ठीवर आपला नंबर दिला.
अक्षर सुंदर होतं त्याचं.

मग मी एक केलं.
सोमवारी, मुलं यायच्या आत,
निळी पांढरी सगळी ताटं एका थप्पीत लावली.
खालचा खण पुसून त्यात मिठाच्या पिशव्या ठेवल्या.
छाती धडधडत होती. केवढं केलं आपण, वाटलं.
मुख्याध्यापिका बघून गेल्या. म्हणाल्या, मीठ दमट होईल तिथे.

मार्गिता, त्याची बहीण, तीन आठवड्यांनी आली.
डाव्या हाताला पट्टी, अंगात कुणाचा तरी मोठा कोट.
मी तिला पांढरं ताट दिलं, मुद्दाम,
नवं, एकही टवका न उडालेलं.
तिनं घेतलं नाही.
थप्पीपाशी गेली आणि एका हातानं
एकेक निळं ताट उलटं करून बघू लागली.
मग मुलांच्या पुढ्यातली. सूप सांडलं, पोरं ओरडली,
कुणी तिला एक शब्द वापरला, जो या गावात सगळे वापरतात.
ती थांबली नाही.

खिडकीजवळच्या बाकावर सापडलं तिला.
मी चष्मा लावून पाहिलं:
वेडीवाकडी दोन अक्षरं, तिसरं अर्धं.
तिथेच माझी पळी बसली असणार.

तिनं ते पालथंच समोर ठेवलं.
पालथ्या ताटात काय वाढायचं?
मी डाव धरून उभी, शेवया थंड होताहेत.

"पानि," ती म्हणाली.
मी पेला भरून दिला.
काही म्हणायला लावलं नाही.

रविवारी रादो जेवायला येतो.
चिठ्ठी फ्रीजवर आहे, चुंबकाखाली.
आकडे अगदी स्पष्ट आहेत,
सात आणि एक यांत गफलत व्हायला जागा नाही.