नकाशातलं एक घर

मे महिना. एमआयडीसीतल्या पत्र्याखाली
दुपारी पान्याला हात लावायची सोय नसते.
लाल एस्टीम बॉनेट वासून उभी,
आणि बाकावर दोन गोष्टी:
पुण्याहून बघायला मागवलेली वेबरची जोडी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
आणि एका ठोकलेल्या गाडीचे चार इंजेक्टर,
वायरींचा गुंता, एक काळा डबा.
पैसे एकाचेच. शर्यत सव्वीस दिवसांवर.

मला वेबरच हवे होते, खरं सांगते.
चार सिलिंडरांना चार उघडे घसे,
पाय दाबला की सगळे एकदम हवा ओढतात
आणि छातीत काहीतरी सैल होतं.
मैनोद्दीनचाचांनी मला जेट शिकवले ते उजेडाकडे धरून:
एकशे पंधरा, एकशे वीस,
केसाएवढ्या फरकात अख्खी गाडी.
प्लग काढून बघायचा. भाजलेल्या शेंगदाण्याचा रंग, तर बरोबर.
काजळी, तर जास्त पितेय. पांढराफटक, तर उपाशी.
मग पाव फेरा स्क्रू. ऐक.
पाव फेरा. ऐक.

चाचाच नको म्हणाले.
"विजापूर रोडला सिग्नलवर तीन मिन्टं उभी राहिली
की पेट्रोल पाइपातच उकळतंय बघ. जाग्यावर मरती.
ओलं फडकं गुंडाळत चाळीस उन्हाळे काढले मी.
तू नको काढू."
मग फडक्याला हात पुसत, बराच वेळ:
"उजवा कान गेला माझा, सुगुणा. डावा निम्मा हाय.
कार्ब्युरेटर लावशील, पण ऐकणार कोण?"
मी, म्हणाले.
त्यांना ऐकू आलं नाही. किंवा आलं.

इंजेक्टर बसले. टाकीत पंप बसला.
लॅपटॉपवर नकाशा उघडला:
आडवे आरपीएम, उभा भार,
सोळा गुणिले सोळा घरं, घराघरात एक आकडा,
इतका वेळ तोंड उघड, मग मीट.
मी बघतच राहिले. हा कागद माझ्या घरातला होता.
नान्ना रात्री असल्याच चौकटींत मोर भरायचे,
लाल पेन्सिलीनं, एकेक घर,
मग पुठ्ठ्याच्या पट्टीवर पंच: ठक.
भोक, तर धागा वर. भोक नाही, तर खाली.
मागाला डोळे नसतात, म्हणायचे तेलुगूत,
आपण त्याला भोकं द्यायची.
सकाळी चादरीवर मोर.
गाडी कधी चालवली नाही त्यांनी.
सायकल होती, तीही निम्मा रस्ता हातात धरून.

ट्यूनिंगच्या दिवशी चाचांनी फेंडरवर तळवा ठेवला, डोळे मिटले.
"तीन हजाराला उपाशी हाय."
सेन्सर म्हणत होता, नाही, पोट भरलंय.
मी चाचांचं ऐकलं, आकडा वाढवला.
गाडी ठसकली, मागून काळा फुगा.
शेजारच्या टॉवेल कारखान्यातली पोरं वाकून बघायला लागली.
चाचा हसले, अगदी दात दाखवून.
"मग त्यालाच विचार की," डब्याकडे बोट करून,
आणि चहा सांगायला गेले.
परत यायला त्यांना एका चहाहून जास्त वेळ लागला.

रात्री मी सगळी घरं सेन्सरच्या हिशोबाने भरली.
एक सोडून.
तीन हजार, पाऊण भार:
तिथे अजून चाचांचा आकडा आहे.

शर्यतीत चौथी आले.
त्या घराने किती खाल्लं, मोजलं नाही.
वेबर परत गेले, वर्तमानपत्र राहिलं,
राशिभविष्यावर पेट्रोलचा डाग पडलेलं.

कधी होटगी रोडने निघतो, चाचा शेजारी.
काटा तीनवर येतो, गाडी एक आवंढा गिळते,
पेट्रोलचा बारीक वास,
आणि चाचा मान कलती करतात,
गेलेल्या कानाच्या बाजूला.