आठ पाऊण सहा

कागदावर माझी फेरी दुसऱ्या मंगळवारची.
खाडीला मंगळवार ठाऊक नाही.
ती तिथीवर चालते.
तिथीची पाऊणकी करायची: आठ पाऊण सहा,
म्हणजे अष्टमीला सहाला भरती
आणि बाराला नुसता चिखल.
हे मला नर्सिंगच्या वर्गात नाही शिकवलं,
इनास तारीनं शिकवलं,
वल्हं मांडीवर आडवं ठेवून.

जुव्यावर पस्तीस घरं, एक विहीर.
चैत्र सरला की विहीर खारते.
या गावात मी प्रेशरच्या गोळ्या वाटते
आणि छापील वाक्य म्हणते: मीठ कमी खा.
गेल्या खेपेला धोंडू परब पोटभर हसला.
"बाई, ह्यां माका कित्याक सांगतास?
बावीक सांगा."
मी पट्ट्यातली हवा सोडली. एकशे ऐंशी.
रजिस्टरला विहिरीचा रकाना नाही.

आज चार मुलं.
शाळेच्या ओट्यावर डबा उघडला,
बर्फाच्या पिशव्या अजून कडक.
इनास खाली होडीतच थांबतो,
सुई त्याला बघवत नाही,
पण वरचं रडणं मोजतो.
चार झाली की नांगर उचलायचा.

पहिला रडला, तांबड्या टोपीतला.
दुसरीनं गाव डोक्यावर घेतलं.
तिसरा आधी हसला, मग आठवून रडला.

चौथी नाजमीनची, दीड महिन्याची.
नाव विचारलं, तर अजून ठेवलं नाही.
दुपटं उघडलं
आणि सुई खाली ठेवून घड्याळ काढलं.
एक मिनिट. पुन्हा एक मिनिट.
अडुसष्ट. सत्तर.
बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती,
कुर्लीच्या बिळातून पाणी उतरतं तशी.
"कधीपासून?"
"परवाच्या रात्रीपासून.
म्हटलं, मंगळवार येतोच आहे."

या वाक्याचं मी काय करू?
तो मंगळवार मीच होते.

खाली होडी कुशीवर कललेली.
पाणी दोनशे हात मागे,
तिवरांच्या मुळ्या उघड्या, वर बोटं केलेल्या.
तीनपर्यंत थांबू या, असं कुणी म्हटलं नाही.
शाळेतली दोन मोठी पोरं आली,
इनासबरोबर होडी रेटत निघाली,
दर दहा पावलांवर एक शिवी, मग एक जोर.
मागे नाजमीन, पोर छातीशी, गुडघाभर गाळात,
मी तिचं कोपर धरलेलं.
माझ्या चपला केव्हाच गेल्या,
कालवांनी टाच फाडली
ते रात्री मोजा काढताना कळलं.

सगळ्यांच्या मागे धोंडू परब,
लशीचा डबा डोक्यावर.
मी ओरडले, "थांबा हो, चक्कर येईल!"
"गप चला बाई.
आज गोळी खाल्लंय मी."

कमरेइतक्या पाण्यात त्यानं डबा आत ठेवला,
अलगद, जणू त्यातच पोर होतं,
आणि तिथंच उभा राहिला.
पाणी त्याच्या सदऱ्यावर चढत होतं की उतरत होतं
मला सांगता येत नव्हतं.

इंजिन तिसऱ्या ओढीला लागलं.
पलीकडच्या धक्क्यावर मोबाइलला रेंज येते,
तिथून गाडी बोलवायची,
गाडी आली तर चाळीस मिनिटं.
मी हे सगळं मोठ्यानं म्हणत होते बहुतेक,
कारण नाजमीन मान हलवत होती.
निम्म्या खाडीत इनास मागे वळला.
"चौथ्याचा रडणा आयकाक नाय?"
मी नाही म्हणाले.
तो पुन्हा पुढे बघू लागला,
त्याचे कान मात्र आमच्याकडेच राहिले.

धक्का वीस हातांवर आला
तेव्हा त्यानं इंजिन बंद केलं.
होडी आपल्या जोरावर सरकत राहिली.
फळ्यांना पाणी लागत होतं,
वर कुठंतरी एक घार.
नाजमीननं पदर बाजूला केला
आणि आम्ही तिघं
श्वास धरून
ऐकत बसलो.