रजेचं कारण

अर्जात मी दरवेळी लिहितो, घरगुती अडचण.
आजवर माझ्या दोन मावश्या वारल्यात,
त्यातली थोरली दोनदा.
आगारप्रमुख सही करताना वर बघत नाहीत.
त्यांना कळलेलं असावं.

अंबाजोगाईच्या स्टँडवर दिवसभर मी दुसऱ्यांच्या गाड्या पुकारतो,
परळी, केज, लातूर विनाथांबा,
फलाट तीन.
शुक्रवारी संध्याकाळी मात्र माईक गायसमुद्रेच्या हातात देतो
आणि स्वतःच गाडीत चढतो.
मुंबई. साडेचारशे किलोमीटर, वर चार-पाच.
शेजारी इलाहीभाई बागवान, मांडीवर सीताफळांची करंडी,
बाईंना द्यायची म्हणून.
गेल्या साली धीर झाला नाही;
दादरला पुलाखाली बसून आम्हीच खाल्ली,
बिया रुमालात.

मांजरसुंब्याला चहा. नगरला पाठ धरली.
घाटात कान बंद झाले तेव्हा इलाहीभाई घाबरला,
सकाळपर्यंत उघडतील ना रे?

दादरला उतरून सुलभमध्ये दाढी,
एका आरशात तिघं.
इस्त्रीचा शर्ट मी पेपरात गुंडाळून आणतो,
खिशावर कधीकधी निधनवार्तांची शाई उमटते.

नऊला पडदा.
बाई आता सत्तरीच्या पुढं. वरच्या षड्जाला जाताना
आवाज दुसऱ्या गिअरमध्ये टाकतात,
भरलेली गाडी चढाला लागावी तसा.
पण पोचतात. वेळेवर नाही, पोचतात.
मग तोडीच्या गंधारावर थांबल्या.
हलेनातच.
तंबोऱ्याचा सूर खुर्चीच्या पाठीतून माझ्या पाठीत उतरला
आणि मी
झोपलो.

अकरा तासांचा प्रवास, पाचशेचं तिकीट, एक खोटी मावशी,
आणि मी ढाराढूर.
टाळ्यांनी जागा झालो तर द्रुत संपलेली.
पुढच्या रांगेतल्या काकू मागं वळून हसल्या,
त्यांनी माझी पडलेली पिशवी
पायानं हळूच माझ्याकडं सरकवली.

करंडी यंदाही परत.
पनवेलपर्यंत इलाहीभाई बोलला नाही. मग म्हणाला,
तू घोरलास तेव्हा बाईंनी तुझ्याकडं बघितलं.
थोड्या वेळानं म्हणाला, नाही बघितलं.
द्रुत कशी होती?
त्यानं तोंड उघडलं, मिटलं,
हातानं हवेत काहीतरी वर नेलं
आणि तिथंच ठेवलं.
सीताफळ खातो का, म्हणाला.

सोमवारी माईकवर 'परळी' म्हणताना
ळी जरा लांबली.
ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली.
गाडी मिनिटभर उशिरा सुटली.
वेळ मी वहीत खरी लिहिली.
शेजारी कारणाचा रकाना.
गायसमुद्रेनं पेन पुढं केलं.