सूर आपुलकीचा

डुलूथला, दातांच्या दवाखान्यावरच्या मजल्यावर
वर्ना टोलेफसन आणि वेंडेल प्रूइट
लोकांची वाक्यं नीट करून देतात.
बँकेची दिलगिरी, बर्फ उपसणाऱ्यांचं दरपत्रक,
शवपेट्या विकणाऱ्याला हवं असलेलं
जरा हसरं घोषवाक्य.

खालून ड्रिलचा आवाज आला की
वेंडेल एक विशेषण खोडतो. सवयच ती.

मंगळवारी कागद कारखान्याचं काम आलं:
दोनशे बारा माणसं, एक पत्र,
सूर आपुलकीचा ठेवावा.
यादी कुणी मागितली नव्हती,
तरी सोबत आली.
एकशे चाळिसावा वर्नाचा भाऊ.

वेंडेल म्हणाला, मी लिहितो.
नको, ती म्हणाली, तू गोड लिहितोस.

रात्रभर सरोवरावर बर्फ तडकत होता.
तिने 'पुनर्रचना' काढलं, 'प्रवास' काढलं,
'कुटुंब' तर आधीच.
उरलं ते एवढं:
शुक्रवारपासून काम नाही.
पगार मार्चपर्यंत मिळेल.
चूक तुमची नव्हती.

कारखान्याने शेवटची ओळ कापली,
बिल मात्र पुरतं भरलं.

ती ओळ वर्नाने
भावाला फोनवर वाचून दाखवली.
पलीकडे बराच वेळ
नुसता भांडी घासल्याचा आवाज.
मग म्हणाला, "एवढंच?
मला वाटलं, शब्दांगणिक पैसे घेता तुम्ही."